शिश्नवक्रता

शिश्नवक्रता म्हणजे ताठर अवस्थेत शिश्नाला वर, खाली किंवा एका बाजूला येणारा असा बाक, ज्यामुळे वेदना होतात, संभोगात अडथळा येतो किंवा पुरुषाला सततचा मानसिक त्रास होतो. बोलीभाषेत या तक्रारीला ‘इंद्रिय वाकडे होणे’ असे म्हणतात. हा एकच आजार नाही. काही पुरुषांत हा बाक जन्मापासून असतो, काही बालकांत तो मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषासोबत आढळतो, तर प्रौढ वयात तो प्रामुख्याने पेरोनी रोगामुळे उद्भवतो. तिन्ही प्रकारांची कारणे व उपचार वेगळे आहेत. शिश्नवक्रता हा संसर्गजन्य रोग नाही, तो लैंगिक संबंधातून पसरत नाही आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होत नाही.

सामान्य आणि असामान्य बाक

ताठरलेले शिश्न अगदी सरळ असतेच असे नाही. अनेक निरोगी पुरुषांत ते किंचित डावीकडे, उजवीकडे किंवा वरच्या बाजूला झुकलेले असते. असा बाक वर्षानुवर्षे तसाच राहत असेल, दुखत नसेल आणि संभोगात अडचण येत नसेल, तर तो शरीररचनेतील स्वाभाविक भेद मानला जातो व त्यावर उपचारांची गरज नसते. ३० अंशांपेक्षा कमी बाकामुळे सहसा संभोगात अडथळा येत नाही. मात्र उपचारांचा निर्णय केवळ अंशांवर होत नाही. बाक नव्याने आला आहे का, तो वाढत आहे का, वेदना आहेत का आणि दोघांपैकी कोणाला संभोगात त्रास होतो का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

शरीररचना

शिश्नात स्पंजासारख्या ऊतीचे तीन स्तंभ असतात. वरच्या बाजूला शेजारी शेजारी असलेल्या दोन मोठ्या स्तंभांत रक्त भरल्याने ताठरता येते. खालच्या बाजूच्या तिसऱ्या स्तंभातून मूत्रमार्ग जातो. वरच्या दोन स्तंभांभोवती ‘ट्युनिका अल्ब्युजिनिया’ नावाचे पांढरट, चिवट व लवचिक आवरण असते. रक्त भरू लागले की हे आवरण सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते आणि शिश्न सरळ ताठ होते.

आवरणाचा एखादा भाग पुरेसा ताणला गेला नाही, तर शिश्न त्या बाजूला वाकते. लांबट फुग्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावून तो फुगवला, तर तो पट्टीच्या बाजूला वाकतो. शिश्नवक्रतेत घडणारी क्रिया याच स्वरूपाची असते. शिथिल अवस्थेत आवरणावर ताण नसल्याने बाक बहुधा दिसत नाही.

प्रकार

जन्मजात वक्रता : या प्रकारात आवरणाची वाढ सर्व बाजूंनी सारखी झालेली नसते. बाक बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा एका कुशीला असतो. तो जन्मापासून असला तरी किशोरवयात ताठरता वारंवार येऊ लागल्यावरच मुलाच्या लक्षात येतो. शिश्नात गाठ लागत नाही, वेदना नसतात आणि ताठरता उत्तम असते.

मूत्रमार्गाच्या दोषासह येणारी वक्रता : हायपोस्पेडियस या जन्मजात दोषात मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या टोकावर न उघडता खालच्या बाजूला उघडते. अनेकदा त्यासोबत शिश्न खाली वाकलेले असते आणि अग्रत्वचा केवळ वरच्या बाजूला टोपीसारखी असते. या बाकाला ‘कॉर्डी’ म्हणतात. हा दोष साधारणपणे २०० ते ३०० मुलांमागे एकात आढळतो. त्यावरील शस्त्रक्रिया सामान्यतः वयाच्या ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केली जाते. अशा बालकाची सुंता शस्त्रक्रियेपूर्वी करू नये, कारण दुरुस्तीसाठी अग्रत्वचेची त्वचा उपयोगी पडते.

पेरोनी रोग : प्रौढ वयात नव्याने येणाऱ्या वक्रतेचे हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. यात आवरणाच्या एखाद्या भागात, जखम भरून आल्यावर तयार होते तशी घट्ट ऊती साचून कठीण चकती बनते. ती बाहेरून बोटांना गाठीसारखी किंवा पट्ट्यासारखी जाणवते. काही रुग्णांत तिच्यात कॅल्शियम साचून ती अधिकच टणक होते. चकती बहुतेकदा वरच्या बाजूला असल्याने शिश्न वर वाकते.

पेरोनी रोगाची कारणे

रोगाचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. सर्वमान्य मतानुसार, संभोगाच्या वेळी ताठर शिश्न वाकल्याने आवरणाला वारंवार सूक्ष्म इजा होते. बहुतेक पुरुषांत ती आपोआप भरून येते. काहींत मात्र भरून येण्याची प्रक्रिया थांबत नाही व तेथे तंतुमय ऊती साचत जाते. अनेक रुग्णांना अशी कोणतीही इजा झाल्याचे आठवत नाही.

वय हा यातील मोठा घटक आहे. रोग बहुतेक वेळा पन्नाशीत किंवा त्यानंतर दिसतो, परंतु तरुणांतही तो आढळतो. मधुमेह, ताठरतेचा अभाव, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि आनुवंशिकता यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला आहे. तळहातावरील घट्ट पट्ट्यांमुळे बोटे आत वळणारा ‘ड्युपिट्रन’ हा विकार काही रुग्णांत सोबत असतो. त्यामुळे डॉक्टर शिश्नाबरोबर हातही तपासतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत पेरोनी रोगाचे प्रमाण प्रौढ पुरुषांत सुमारे ३ ते ९ टक्के आढळले आहे.

लक्षणे आणि टप्पे

पेरोनी रोगाचे दोन टप्पे असतात आणि उपचारांची निवड प्रामुख्याने त्यांवरच अवलंबून असते.

पहिला टप्पा सक्रिय असतो. यात ताठरतेच्या वेळी, कधी एरवीही, वेदना होतात, गाठ जाणवू लागते आणि बाक हळूहळू वाढतो. हा टप्पा साधारणपणे ६ ते १८ महिने चालतो. दुसऱ्या, स्थिर टप्प्यात वेदना बहुतेक रुग्णांत नाहीशा होतात आणि बाक वाढायचा थांबतो, परंतु आलेला बाक बहुधा तसाच राहतो. बाकाशिवाय शिश्नाची लांबी कमी होणे, मध्यभागी ते डमरूसारखे बारीक होणे, गाठीच्या पुढील भागात ताठरता कमी येणे ही लक्षणेही दिसतात.

वेदना थांबल्या म्हणजे रोग बरा झाला, असा समज रुग्णांत आढळतो. प्रत्यक्षात वेदनांचे थांबणे हे बहुधा रोग स्थिर होत असल्याचे चिन्ह असते. उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत वर्षभराहून अधिक काळानंतर सुमारे १२ टक्के रुग्णांत बाक कमी झाला, ४० टक्क्यांत तो तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांत वाढला. ‘आपोआप जाईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांसाठी ही आकडेवारी महत्त्वाची आहे.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाशी झालेल्या संवादावर व हाताने केलेल्या तपासणीवर अवलंबून असते. बाक केव्हा आला, तो वाढत आहे का, वेदना आहेत का, ताठरता पुरेशी येते का, मधुमेह आहे का, हे विचारले जाते. शिथिल अवस्थेत बाक दिसत नसल्याने ताठर अवस्थेतील शिश्नाची वरून व बाजूने घेतलेली छायाचित्रे उपयोगी ठरतात. ती रुग्ण घरी स्वतः घेऊ शकतो आणि डॉक्टरांना दाखवू शकतो.

शस्त्रक्रियेसारख्या उपचारापूर्वी रुग्णालयात शिश्नात औषधाचे इंजेक्शन देऊन ताठरता आणली जाते, कोनमापकाने बाक मोजला जातो आणि डॉपलर सोनोग्राफीने चकती व रक्तप्रवाह तपासला जातो. या चाचणीनंतर ताठरता ४ तासांपेक्षा जास्त टिकल्यास तातडीने रुग्णालयात परतणे आवश्यक असते. रक्ताच्या कोणत्याही चाचणीने पेरोनी रोगाचे निदान होत नाही, मात्र मधुमेह शोधण्यासाठी रक्तातील साखर तपासली जाते. त्वचेवरील न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ हे पेरोनी रोगाचे लक्षण नव्हे. तिची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

उपचार

बाक सौम्य असेल, ताठरता चांगली असेल आणि संभोग शक्य असेल, तर आजाराची नीट माहिती देणे व ठरावीक काळाने तपासणी करणे एवढेही पुरेसे ठरते.

औषधे : सक्रिय टप्प्यात वेदनांसाठी दाहशामक गोळ्या दिल्या जातात. ताठरता कमी असल्यास त्यावर स्वतंत्र औषधे असतात. ई जीवनसत्त्व, टॅमॉक्सिफेन आणि कार्निटिन यांच्या गोळ्या दीर्घकाळ वापरात होत्या, परंतु त्यांनी बाक कमी होतो असे सिद्ध झाले नाही. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्या न देण्याची शिफारस आहे. पोटात घ्यायच्या कोणत्याही औषधाने स्थिर झालेला बाक सरळ होत नाही.

ताण देणारी उपकरणे व ध्वनिलहरी : शिश्नाला रोज ठरावीक वेळ हलका ताण देणाऱ्या उपकरणांनी काही रुग्णांत बाक व लांबीत थोडी सुधारणा होते. त्यासाठी अनेक महिन्यांचे सातत्य लागते आणि वापर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा लागतो. बाहेरून दिल्या जाणाऱ्या आघातलहरींनी वेदना कमी होऊ शकतात, बाक मात्र कमी होत नाही.

चकतीतील इंजेक्शने : व्हेरापामिल, इंटरफेरॉन व कोलॅजिनेज ही औषधे थेट चकतीत टोचली जातात. कोलॅजिनेज हे साचलेली तंतुमय ऊती विरघळवणारे विकर असून त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१३ मध्ये, ३० अंश किंवा त्याहून अधिक बाक असलेल्या व चकती हाताला लागणाऱ्या पुरुषांसाठी मान्यता दिली. त्यापूर्वीच्या चाचण्यांत या औषधाने बाक सरासरी ३४ टक्के, तर औषध नसलेल्या इंजेक्शनने १८ टक्के कमी झाला. सूज व रक्त साकळणे हे त्याचे नेहमीचे, तर आवरण फाटणे हा क्वचित परंतु गंभीर दुष्परिणाम आहे.

शस्त्रक्रिया : बाक सरळ करण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. पेरोनी रोगात ती स्थिर टप्प्यातच केली जाते. रोग सुरू होऊन साधारण वर्ष उलटलेले असावे आणि किमान ३ ते ६ महिने बाक बदललेला नसावा, असा निकष पाळला जातो. सक्रिय टप्प्यात शस्त्रक्रिया केल्यास नंतर बाक पुन्हा येऊ शकतो. शस्त्रक्रियेचे तीन मुख्य प्रकार आहेत.

• आवरण आखडणे : बाकाच्या विरुद्ध बाजूच्या आवरणाला टाके घालून किंवा त्याचा छोटा तुकडा काढून दोन्ही बाजू सारख्या केल्या जातात. ताठरता चांगली असलेल्या व साधारण ६० अंशांपर्यंत बाक असलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत योग्य असते. यात शिश्नाची लांबी काहीशी कमी होते.

• चकती छेदून ठिगळ लावणे : मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या बाकात चकतीला छेद देऊन त्या जागी ठिगळ बसवले जाते. लांबी बऱ्याच अंशी टिकते, परंतु ताठरता कमी होण्याचा व संवेदना बधिर होण्याचा धोका अधिक असतो.

• कृत्रिम अवयव बसवणे : बाकासोबत ताठरताही येत नसेल आणि औषधांनी ती सुधारत नसेल, तर शिश्नात कृत्रिम दांड्या बसवल्या जातात. भारतात यासाठी मुंबईतील पुरुषरोगतज्ज्ञ डॉ. रूपिन शाह यांच्या नावाने ओळखले जाणारे देशी बनावटीचे साधनही वापरले जाते.

जन्मजात वक्रतेवर औषधे, इंजेक्शने किंवा मालिश यांचा उपयोग होत नाही. त्रासदायक बाक असल्यास वाढीचे वय पूर्ण झाल्यावर आवरण आखडण्याची शस्त्रक्रिया केली जाते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी लांबी, संवेदना व ताठरता यांवर काय परिणाम होऊ शकतो, हे रुग्णाला स्पष्ट समजणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट संभोग शक्य व्हावा इतपत सरळपणा आणणे हे असते. तरुणपणीचे शिश्न जसेच्या तसे परत मिळवणे हे तिचे उद्दिष्ट नसते.

तातडीची स्थिती

संभोगाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज होऊन तीव्र वेदना झाल्या, ताठरता एकदम गेली आणि शिश्न सुजून काळेनिळे पडले, तर ते आवरण फाटल्याचे लक्षण असते. ही शल्यचिकित्सेतील आणीबाणी आहे. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाणे आवश्यक असते. लवकर दुरुस्ती न झाल्यास पुढे कायमची वक्रता व ताठरतेचा अभाव उद्भवू शकतो.

मानसिक व वैवाहिक परिणाम

पेरोनी रोगाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत नैराश्याची लक्षणे आढळल्याचे अभ्यास आहेत. पुरुष संभोग टाळू लागतो, कारण सांगत नाही आणि पत्नीला त्याचे मन आपल्यावरून उडाले असे वाटू लागते. अविवाहित तरुणांत लग्नाची बोलणी टाळण्यापर्यंत हा संकोच जातो. म्हणून उपचारांत जोडीदाराचा सहभाग आणि आवश्यकतेनुसार समुपदेशन यांना महत्त्व दिले जाते.

मुंबई उपनगरांतील उपचारव्यवस्था

मुंबईच्या उपनगरांत महानगरपालिकेची सर्वसाधारण रुग्णालये आहेत. घाटकोपर येथे राजावाडी, मुलुंड येथे एम. टी. अगरवाल, बोरिवली येथे हरिलाल भगवती, तर अंधेरीनजीक जुहू येथे रु. न. कूपर रुग्णालय आहे. या तक्रारीसाठी पहिली तपासणी शल्यचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात होऊ शकते. पुढील उपचार मूत्ररोगशल्यतज्ज्ञ करतात. ज्या रुग्णालयात हा विशेष विभाग नसेल, तेथून रुग्णाला महापालिकेच्या मोठ्या अध्यापन रुग्णालयांकडे पाठवले जाते. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या तिन्ही रुग्णालयांत मूत्ररोगशल्यचिकित्सेचे विभाग आहेत. मध्य रेल्वेने घाटकोपर व मुलुंडहून शीव व परळ थेट गाठता येते. अंधेरी व बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने प्रभादेवी स्थानकावर उतरून पलीकडे परळला जाता येते. हायपोस्पेडियस असलेल्या बालकांसाठी परळ येथे १९२९ पासून कार्यरत असलेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे.

जाहिराती आणि कायदा

याच उपनगरी गाड्यांच्या डब्यांत आणि स्थानकांबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती अनेक वर्षे चिकटवल्या जात आल्या आहेत. त्यांत इंद्रियाचा वाकडेपणा, लहान आकार व अशक्तपणा हे सर्व एकाच औषधाने किंवा तेलाने घालवण्याचे आश्वासन असते. आवरणातील तंतुमय चकती बाहेरून लावलेल्या तेलाने विरघळत नाही. जोर लावून केलेल्या मालिशीने उलट नवी इजा होऊ शकते.

अशा दाव्यांवर कायद्याचे निर्बंध आहेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. औषधविषयक नियमांच्या ‘जे’ अनुसूचीनुसार लैंगिक अवयवाचा आकार व घडण सुधारण्याचा दावा कोणत्याही औषधाबाबत करता येत नाही. अशा उपायांमुळे होणारे नुकसान केवळ पैशांचे नसते. सक्रिय टप्प्यातील महिने त्यांत निघून जातात आणि पाहणी, वेदनाशमन किंवा इंजेक्शने यांसाठीची योग्य वेळ हातची जाते.

गैरसमज

हस्तमैथुनामुळे शिश्न वाकडे होते, हा समज सर्वाधिक प्रचलित आहे. जन्मजात बाक किशोरवयात लक्षात येतो आणि हस्तमैथुनाची सुरुवातही त्याच वयात होते. या योगायोगामुळे मुलगा स्वतःला दोषी मानतो. सर्वसाधारण हस्तमैथुनाने बाक येत नाही. घट्ट अंतर्वस्त्रे किंवा एका कुशीवर झोपणे यांनीही तो येत नाही. बाक असलेल्या पुरुषाला मूल होऊ शकत नाही, हाही गैरसमज आहे. वक्रतेचा शुक्राणूंच्या निर्मितीवर परिणाम होत नाही. अडचण आलीच, तर ती संभोग न जमल्याने येते.

मुंबईत अशा समजांविरुद्ध शास्त्रीय माहिती देण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, परंतु कर्वे यांना दंड झाला. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांनी ‘निरामय कामजीवन’ या पुस्तकातून मराठी वाचकांना लैंगिक आरोग्याची माहिती दिली. केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग सुरू केला. डॉ. महिंदर वत्स (१९२४–२०२०) यांनी मुंबईतील एका इंग्रजी दैनिकाच्या स्तंभातून अनेक वर्षे वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली.

इतिहास

पेरोनी रोगाला फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यवैद्य फ्रांस्वा गिगो द ला पेरोनी यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १७४३ साली या विकाराचे वर्णन करून बारेज येथील झऱ्याच्या पाण्याचा उपचार सुचवला होता. रीड नेस्बिट यांनी १९६५ साली आवरणाचा तुकडा काढून जन्मजात बाक सरळ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती नंतर पेरोनी रोगातही वापरली जाऊ लागली. आग्रा येथील शल्यचिकित्सक हरिशंकर आसोपा यांनी १९७१ साली अग्रत्वचेच्या त्वचेपासून नळी तयार करून हायपोस्पेडियसची एकाच टप्प्यात दुरुस्ती करण्याचे तंत्र मांडले. १९७४ साली गिट्स व मॅक्लॉफ्लिन यांनी शस्त्रक्रियेदरम्यान शिश्नात द्रव भरून कृत्रिम ताठरता आणण्याची चाचणी सुचवली. तीमुळे बाक कोठे व किती आहे आणि तो पूर्ण सुधारला का, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तपासता येऊ लागले.